शाळकरी मुलांच्या दातांची सार्वजनिक काळजी : बीदर-कलबुर्गी सीमाभागाचा इतिहास

कर्नाटकाच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांना लागून असलेल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत शाळकरी मुलांच्या दातांची सार्वजनिक काळजी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खर्चाने उभी राहिलेली दिसत नाही; ती प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या एखाद्या कामाच्या आश्रयाला आली. शालेय वैद्यकीय तपासणी, पिण्याच्या पाण्याचे सर्वेक्षण, दंत महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि बालआरोग्याची केंद्रीय योजना हे तिचे चार आश्रयदाते होत. या इतिहासातून जे एक सूत्र हाती लागते ते असे की, मुलाचे तोंड उघडून पाहण्याची व्यवस्था येथे हळूहळू पक्की झाली, परंतु त्या तोंडातील किडलेली दाढ भरून देण्याची व्यवस्था तिच्या बरोबरीने कधीच वाढली नाही.

हे अंतर समजण्यासाठी ही कल्पना मुळात जेथे रुजली तेथील घडण पाहावी लागते. जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात एर्न्स्ट येसेन यांच्या प्रयत्नाने १९०२ मध्ये नगरपालिकेचा शालेय दंतदवाखाना सुरू झाला, इंग्लंडमध्ये जॉर्ज कनिंगहॅम यांनी १९०७ मध्ये केंब्रिज येथे तसाच दवाखाना काढला, आणि न्यूझीलंडने १९२१ मध्ये त्याहून धाडसी पाऊल उचलून दंतवैद्य नसलेल्या, पण मुलांच्या दातांपुरते प्रशिक्षण घेतलेल्या दंतपरिचारिका शाळांसाठी नेमण्यास प्रारंभ केला. या तिन्ही ठिकाणी तपासणी आणि उपचार एकाच छताखाली होते. भारतात शालेय आरोग्यसेवेचा आरंभ १९०९ मध्ये बडोदा शहरातील विद्यार्थ्यांच्या तपासणीपासून मानला जातो; मात्र १९४६ च्या भोर समितीला ही सेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे नमूद करावे लागले. दंतवैद्यकाची स्थिती याहून वेगळी नव्हती. डॉ. आर. अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये काढले आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला. पदवी नसलेल्या, परंतु किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्या व्यक्तींसाठी या कायद्याने नोंदवहीचा स्वतंत्र भाग ठेवला होता. पदवीधर किती विरळ होते याची यावरून कल्पना येते.

त्या सुमारास बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे जिल्हे होते. दातांची देखभाल हा तेथे सरकारचा नव्हे, घराचा विषय होता. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी, चुलीतली राखुंडी, मीठ, मुस्लिम घरांत पीलूच्या झाडाची मिसवाक, आणि या सर्वांच्या जोडीला तंबाखू भाजून केलेली मशेरी ही दात घासण्याची साधने होती. काडीने आणि राखुंडीने दात घासण्यामागे स्वच्छतेचा खरा विचार होता, जरी भरड पुडीने दाताच्या वरच्या कठीण थराची, म्हणजे दंतवल्काची, झीज होत असली तरी. मशेरीची गोष्ट मात्र निराळी होती, कारण ती दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखूचे व्यसन लावत असे आणि घरातील मोठ्यांचे पाहून मुलांच्या हाती लागत असे. स्वातंत्र्यानंतर तयार दंतमंजने व पेस्ट खेड्यांपर्यंत पोचू लागली, आणि १९७० च्या दशकापासून एका टूथपेस्ट कंपनीने भारतीय दंतवैद्यक संघटनेच्या साह्याने देशभरच्या शाळांत दात घासण्याचे धडे देण्याचा कार्यक्रम चालवला, ज्यात शिकवण आणि विक्री यांची सरमिसळ अपरिहार्य होती.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यामार्फत मुंबई राज्याकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे, तर बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याकडे आले. आरोग्यसेवेच्या दृष्टीने या वाटणीचा परिणाम दूरगामी ठरला. या भागातील रुग्णांची जुनी वाट हैदराबादकडे जात असे. आता राजधानी बंगळूर झाली, जेथे पुढे सरकारी दंत महाविद्यालय निघाले खरे, परंतु ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला होते. मराठी माध्यमाच्या शाळा, विशेषतः औराद, भालकी व बसवकल्याण परिसरातील, कन्नड प्रशासनाखाली आल्या. तेव्हापासून या मुलांच्या आरोग्याची नोंद एका भाषेत, शाळेतील शिकवण दुसऱ्या भाषेत आणि अनेक घरांतील बोलणे दखनीत, अशी त्रिस्तरीय स्थिती निर्माण झाली, जिच्याकडे आरोग्यशिक्षणाची पत्रके तयार करणाऱ्यांना दुर्लक्ष करून चालण्यासारखे नव्हते.

दातांकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष वेधण्याचे काम पुढे पाण्याने केले. पाण्यातील फ्लोराइड हा क्षार अल्प प्रमाणात दातांना किडीपासून वाचवतो, पण जास्त झाल्यास दंत-फ्लोरोसिस नावाचा विकार होतो, ज्यात दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग तपकिरी डाग आणि शेवटी खड्डे पडतात. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतानाच्या, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंतच्या, काळातच ही इजा होते आणि ती नंतर भरून निघत नाही. त्यामुळे हा रोग शाळेच्या वर्गात दिसतो, पण त्याचे कारण त्याआधीच्या वर्षांत घराच्या पाण्यात असते. भारतात त्याची पहिली नोंद १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली आणि १९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानातीलच नळगोंडा जिल्हा त्यासाठी ओळखला जाऊ लागला. त्याच दशकात, १९४५ साली, अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने मुलांचे दात किडू नयेत म्हणून पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात केली. एकाच द्रव्याची ही दोन रूपे दख्खनच्या आरोग्यखात्याला एकत्र हाताळावी लागली.

१९७२ च्या दुष्काळानंतर या भागात विंधनविहिरींची संख्या झपाट्याने वाढली. सोलापूर येथे घडलेल्या हातपंपावरून विकसित झालेला ‘इंडिया मार्क २’ हा पंप १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि गावोगावी बसला. त्याने जंतुजन्य रोगांपासून मोठी सुटका केली, परंतु जेथे खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे होती तेथे उथळ आडाच्या पाण्याऐवजी खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी लोकांच्या पोटात जाऊ लागले. बीदरचे पठार जांभ्याचे व त्याखालच्या काळ्या पाषाणाचे आहे, तर जुन्या गुलबर्गा जिल्ह्याचा दक्षिण भाग, जो पुढे यादगीर नावाने वेगळा झाला, ग्रॅनाइट व त्याच्या जातीच्या खडकांचा आहे, आणि अशा खडकांत फ्लोराइडचा धोका अधिक असतो. नागपूरच्या नीरी संस्थेने चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नळगोंडा पद्धत’ विकसित केली. केंद्र सरकारने फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून राबवला, ज्यात शाळकरी मुलांचे दात पाहणे हे गावाचे पाणी तपासण्याचे साधन ठरले. मुलाचा दात येथे रुग्णाचा अवयव होता तसाच पाण्याचा पुरावाही होता.

उपचाराची क्षमता मात्र सरकारी मार्गाने नव्हे, शिक्षणसंस्थांच्या मार्गाने आली. १९५८ मध्ये महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्थेने १९६३ मध्ये गुलबर्ग्यात वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि पुढे एस. निजलिंगप्पा यांच्या नावाचे दंत महाविद्यालयही उभारले. कालांतराने गुलबर्ग्यात अल-बदर, बीदरमध्ये एस. बी. पाटील आणि हुमनाबादमध्येही दंत महाविद्यालय निघाले. ही महाविद्यालये खासगी किंवा विश्वस्त संस्थांची होती आणि ज्या काळात कर्नाटकात विनाअनुदानित व्यावसायिक शिक्षण फोफावले व देणगीशुल्काला आळा घालणारा १९८४ चा कायदा करावा लागला, त्याच प्रवाहाचा ती भाग होती. तरीही त्यांच्यामुळे शाळांच्या वाट्याला एक गोष्ट आली. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात सामुदायिक दंतवैद्यक हा विषय आवश्यक असल्याने आणि प्रशिक्षणार्थीला ग्रामीण सेवेचा काही काळ पूर्ण करावा लागत असल्याने शाळेतील दंतशिबिर हा शिकवण्याचाच एक प्रकार झाला. १९३८ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या, किडलेले, गळालेले आणि भरलेले दात मोजण्याच्या निर्देशांकानुसार विद्यार्थी एकेका मुलाचे दात मोजू लागले. ज्या वर्गात ‘किडलेले’ हा रकाना भरलेला आणि ‘भरलेले’ हा रकाना रिकामा राहतो तेथे आजार आहे, पण सेवा नाही, असा या निर्देशांकाचा सरळ अर्थ असतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्क्यांना दंतक्षय आढळला होता.

एकविसाव्या शतकात सरकार शाळेत अधिक ठळकपणे उतरले, परंतु पुन्हा दातांसाठी नव्हे. राज्यातील प्रादेशिक असमतोल अभ्यासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात राज्यातील ३९ सर्वाधिक मागास तालुक्यांपैकी २१ गुलबर्गा विभागात असल्याचे दाखवले, आणि त्याच वर्षी ‘अक्षरदासोह’ ही मध्यान्ह भोजन योजना प्रथम बीदर व गुलबर्ग्यासह सात जिल्ह्यांत सुरू झाली. रोज शेकडो मुले एकाच वेळी हात धुतात आणि जेवतात अशी जागा शाळेत निर्माण झाली. जेवणानंतर चूळ भरण्याची वा शाळेतच दात घासण्याची सवय लावण्यास याहून अनुकूल जागा नव्हती. सुवर्ण आरोग्य चैतन्य या राज्याच्या शालेय तपासणी योजनेनंतर २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यानुसार आयुष पद्धतींचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते, आणि तपासायच्या तीस स्थितींमध्ये दंतक्षयाचा समावेश आहे. या पथकात दंतवैद्य नसतो. तो जिल्हा पातळीवरच्या केंद्रात असतो. म्हणून कीड दिसलेल्या मुलाला चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठीपासून खुर्चीपर्यंतचा प्रवास पालकांच्या एका दिवसाच्या मजुरीवर अवलंबून राहतो. औरादच्या सीमेवरील कुटुंबाला उदगीर जवळ वाटले तरी तेथील सरकारी यंत्रणेची नोंद दुसऱ्या राज्याची असते.

या संदर्भात २०१४-१५ मध्ये कर्नाटकाने सुरू केलेली ‘दंत भाग्य’ योजना लक्षणीय ठरते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मोफत कवळी देण्याच्या या योजनेत सरकारी तसेच खासगी दंत महाविद्यालये सहभागी करून घेतली गेली. म्हणजे खासगी महाविद्यालयाची खुर्ची सार्वजनिक पैशाने गरिबासाठी उपलब्ध करण्याची पद्धत राज्याला ठाऊक होती आणि ती चाललीही. पण ती दात गेल्यानंतरच्या वयासाठी वापरली गेली. सहाव्या वर्षी, बहुतेकदा पालकांना दुधाचाच दात वाटणारी, पहिली कायमची दाढ येते, आणि तिच्यावरील खाचा वेळीच बुजवल्या तर ती अनेक वर्षे टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर हा यंत्राविना, हाताच्या अवजारांनी भरता येणारा पदार्थ आवश्यक औषधांच्या यादीत घातला. त्यामुळे हे काम शाळेच्या खोलीतही शक्य झाले आहे. बीदर-कलबुर्गीत दंत महाविद्यालये आहेत, शाळांपर्यंत जाणारे पथक आहे आणि वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचे तोंड पाहिले जाण्याची तरतूद आहे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी आल्या असल्यामुळे त्यांची एकमेकींशी जोड झाली नाही. स्ट्रासबुर्गने पहिल्याच दिवशी जे गृहीत धरले, म्हणजे तपासणाऱ्यानेच उपचाराची जबाबदारी घ्यावी, ते या भागात अजून धोरणात यायचे आहे, आणि त्यासाठी नवी संस्था उभारण्यापेक्षा आहे त्या संस्थांमधील करार बदलणे अधिक निकडीचे आहे.