शर्ट कुणी शिवला? सूत, साचा आणि जात



एप्रिल उजाडला की लालबाग-परळच्या आमच्या वस्त्यांत एकच विचारणा सुरू होते. शर्ट टाकला का शिवायला? भीमजयंतीला अंगावर नवा पांढरा शर्ट हवाच. यंदा एका मित्राने लोअर परळच्या मॉलमधून 'हँडमेड' शर्ट घेतला, किंमत चार आकडी. तोच मित्र आदल्या आठवड्यात गल्लीतल्या मास्टरशी शिलाईच्या पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करत होता. मॉलमध्ये त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. हा फरक स्वभावाचा म्हणून सोडून देता येत नाही. हाताच्या कामाला किंमत द्यायची की नाही, हे आपण तो हात कुणाचा आहे ते पाहून ठरवतो. ही सवय जातिव्यवस्थेने लावलेली आहे आणि तिचा इतिहास कपड्यातच सापडतो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावे ते लिहून ठेवले आहे : प्रेतावरची वस्त्रे. दागिने लोखंडाचे. म्हणजे कपडा ही धर्माने लादलेली ओळखपट्टीच होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की लुगडे इतर स्त्रियांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते जड दागिने टाकून द्या. ग्रंथ जाळणे आणि कपडा बदलणे ही एकाच लढ्याची दोन कामे होती.

माझे आजोबा सांगायचे, गावचा शिंपी त्यांच्या अंगाला टेप लावत नसे. लांबून बघायचा आणि अंदाजाने कापायचा. त्यांच्या मापाचा पहिला सदरा त्यांना मुंबईत आल्यावर मिळाला. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून, छातीभोवती टेप फिरवून माप घेतले, हे ते म्हातारपणीही कौतुकाने सांगत.

पण मुंबईने तरी सगळे दिले का? आजोबा गिरणीत होते, रिंग खात्यात. गिरणगावात अस्पृश्य कामगार सूत काढायचा, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे. आमच्या तोंडचा धागा सवर्ण साचेवाल्याला बाटवत होता! आम्ही कातलेले सूत चालायचे, त्याचे कापडही चालायचे, पण साच्यापाशी आम्ही चालत नव्हतो. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. परळच्या चाळीत राहिलेल्या माणसाला त्याचा पुरावा शोधायला लांब जावे लागले नसेल.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे प्रश्न ठेवला की विणकाम खाते आमच्यासाठी उघडण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाखुशीने. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. मालकाकडे बोट दाखवणे सोपे असते. इथे शेजारचा कामगारच दार अडवून उभा होता.

आता कुणी म्हणेल, मग हाताने बनवलेल्या वस्तूंचे कौतुक करायचे म्हणजे पुन्हा चरख्याकडे जायचे का? मुळीच नाही. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूसपण फुलत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खुद्द गांधींनीही शिवणयंत्राला अपवाद केला होता. आपला मास्टर मशीनवरच शिवतो. कापणी, कॉलर, बाहीची जोडणी यांत मात्र त्याचा हात आणि डोळा असतो. म्हणून 'हँडमेड' या शब्दाला भुलू नये आणि त्याची पूजाही करू नये. त्या हाताला मजुरी किती मिळाली, एवढेच विचारावे.

हा प्रश्न जीवघेणा ठरू शकतो. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यात बहुसंख्य शिलाई कामगार बाया होत्या. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. स्वस्त शर्टाची उरलेली किंमत अशी कुणीतरी भरत असते.

आपल्याकडे ती घराघरांत भरली जाते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. घर कुणी चालवले? माझ्या आईने काजबटणाचे काम घेतले. नगावर पैसे, उजेड जाईपर्यंत सुई. तिला ना हजेरीपट होता ना रजा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. तो कायदा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कधी शिरला नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने करार केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. ओळखीच्या मास्टरकडे शर्ट टाका. शिलाई पूर्ण द्या, उधारी ठेवू नका. काजबटण कोण करते आणि तिला नगामागे काय मिळते, हे विचारा. मास्टर स्वतः तिला पिळत असेल तर त्यालाही जाब विचारा, कारण छोटा मालक म्हणून तो आपोआप भला ठरत नाही. मॉलमधल्या महागड्या शर्टालाही हाच प्रश्न लावा. मात्र एकट्याच्या खरेदीने व्यवस्था बदलेल या भ्रमात राहू नका. घरकामगार बायांची संघटना आणि त्यांच्यासाठी कायदा, ही लढाई वेगळी लढावीच लागेल.

चैत्यभूमीशेजारी बाबासाहेबांचे स्मारक उभे राहते आहे, ती जमीन इंदू मिलची. येत्या ६ डिसेंबरला पांढरा शर्ट घालून आपण तिथून जाऊ. त्या शर्टाची मजुरी कुणाची बुडवलेली नाही, एवढे तरी छातीवर हात ठेवून सांगता यायला हवे.