वेबअर्ज-प्रक्रिया व ई-मेल पोच

संकेतस्थळावरील अर्जात भरलेली माहिती सर्व्हरवर तपासून, साठवून तिची पोच ई-मेलने पाठविण्याची पद्धत.

उगम : ई-मेल वहनाचे एसएमटीपी नियम १९८२ मध्ये, तर वेबअर्जाचे प्रमाणित रूप १९९५ मध्ये (एचटीएमएल २.०) प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे ऑनलाइन अर्जांना चालना मिळाली (पहा : आपले सरकार).

वैशिष्ट्ये : ब्राउझरमधील तपासणी चुकविता येत असल्याने ती सर्व्हरवर पुन्हा करतात, उदा., धाराशिवचा ४१३५०१ हा पिनकोड सहा अंकीच असावा लागतो. ई-मेलच्या विषयओळीत जाणाऱ्या मजकुरातून नव्या ओळीची चिन्हे काढतात. अन्यथा त्यातून परके पत्ते घुसविता येतात (पहा : संगणक सुरक्षा). देवनागरी नावांसाठी यूटीएफ-८ संकेतन वापरतात.

महत्त्व : २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले; त्यामुळे अर्जांतील माहितीचा जुन्या नोंदींशी मेळ राखण्यासाठी दोन्ही नावे एकाच सांकेतांकाशी जोडणे आवश्यक ठरते.