फौजदारी खटल्यांच्या नावांतील संक्षेप

फौजदारी खटल्याची नोंद करताना, त्याचा उल्लेख करताना आणि निर्णय छापताना पोलीस ठाणी, न्यायालये व निर्णयसंग्रह वापरतात ती आद्याक्षरे व लघुरूपे. खटला कुठे आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि कुणी कुणाविरुद्ध दाद मागितली आहे, हे त्यांवरून कळते. महाराष्ट्रातील पद्धत येथे प्रामुख्याने घेतली आहे.

एकाच गुन्ह्याला वाटचालीत अनेक क्रमांक मिळतात. फिर्याद दाखल झाली की पोलीस ठाण्यात पडतो तो गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. इंग्रजी कागदांत हाच सी.आर. नंबर. तक्रार अदखलपात्र असेल तर एन.सी., अकस्मात मृत्यूची नोंद असेल तर ए.डी. समजा, एखाद्या ठाण्यात खुनाचा गु.र.नं. 87/2023 नोंदला गेला. तपासानंतर दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जे.एम.एफ.सी.कडे गेले की प्रकरणाला आर.सी.सी. क्रमांक मिळतो. आर.सी.सी. म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस. खुनाचा खटला मात्र सत्र न्यायालयातच चालतो. म्हणून दंडाधिकारी तो वर पाठवतात आणि तिथे त्याला सेशन्स केसचा, एस.सी.चा, वेगळाच क्रमांक पडतो. आरोपीचे किंवा मयताचे नातेवाईक जुनी चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी येतात आणि ‘हा नंबर इथे नाही’ एवढेच उत्तर ऐकून परत फिरतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे नुसते ‘87/23’ निरुपयोगी आहे. ठाणे किंवा न्यायालय, प्रकार, क्रमांक आणि वर्ष या चारही गोष्टी लागतात. जामीन अर्जावर गु.र.नं.सोबत ठाण्याचे नाव लिहितात ते यासाठीच.

अक्षरांच्या सारखेपणाने होणारे घोटाळे खरे असतात. आर.सी.सी. फौजदारी, तर आर.सी.एस. दिवाणी दावा: एका अक्षराने कज्ज्याची जातच बदलते. एस.सी.सी. तर दोन ठिकाणी दोन अर्थांनी येते. तालुका न्यायालयाच्या बोर्डावर ती समरी क्रिमिनल केस, म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चालणारा खटला. धनादेश न वटल्याची कितीतरी प्रकरणे या नावाने दिसतात. वकिलाच्या युक्तिवादात ‘(1980) 2 एस.सी.सी. 684’ आले, तर तो सुप्रीम कोर्ट केसेस या निर्णयसंग्रहाचा 1980 सालचा दुसरा खंड, पान 684. फाशीची शिक्षा ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणातच द्यावी असे ठरवणारा बच्चन सिंग वि. पंजाब राज्य हा निर्णय तिथे छापलेला आहे.

उच्च न्यायालयात बी.ए. म्हणजे जामीन अर्ज, ए.बी.ए. म्हणजे अटकपूर्व जामीन अर्ज. क्रि. अपील, क्रि. रिव्हिजन आणि क्रि. डब्ल्यू.पी., म्हणजे फौजदारी रिट याचिका, ही नावे फोड केली की कळतात. ‘कन्फ. केस’, म्हणजे कन्फर्मेशन केस, मात्र समजून घ्यायला हवी. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यासाठी आपोआप वर जाणारे हे प्रकरण, आरोपीने अपील केले नाही तरी. क्रमांकाआधी ‘स्टॅम्प’ असेल, तर अर्ज दाखल झाला आहे पण छाननी होऊन नोंदणी क्रमांक मिळालेला नाही. सर्वोच्च न्यायालयात एस.एल.पी. (क्रि.) म्हणजे फौजदारी प्रकरणात अपिलासाठी विशेष परवानगी मागणारी याचिका.

दोन पक्षांमधला ‘वि.’ म्हणजे विरुद्ध. गुन्हा समाजाविरुद्ध मानला जात असल्याने पोलिसांनी चालवलेल्या खटल्यात फिर्यादीच्या जागी शासन असते; नागपूर खंडपीठाकडच्या कागदांत ‘पोलीस ठाणे अधिकारी यांचेमार्फत’ अशी जोडही दिसते. हे पहिले नाव राजवटीबरोबर बदलत आले आहे. लोकमान्य टिळकांवरचा 1897 चा राजद्रोहाचा खटला ‘क्वीन-एम्प्रेस वि. बाळ गंगाधर टिळक’ आहे, तर 1908 चा ‘एम्परर वि. बाळ गंगाधर टिळक’. दुसऱ्याचा संदर्भ ‘10 बॉम. एल.आर. 848’ असा देतात, म्हणजे बॉम्बे लॉ रिपोर्टरचा दहावा खंड. आरोपीने अपील केले की त्याचे नाव आधी येते. नौदल अधिकारी नानावटी यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. राज्यपालांनी शिक्षा स्थगित केल्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 1960 चा निर्णय ‘के.एम. नानावटी वि. स्टेट ऑफ बॉम्बे’, ए.आय.आर. 1961 एस.सी. 112 या नावाने छापला आहे. खुनाच्या दोषसिद्धीवरचा निर्णय ‘के.एम. नानावटी वि. स्टेट ऑफ महाराष्ट्र’, ए.आय.आर. 1962 एस.सी. 605 असा. माणूस तोच, राज्याचे नाव बदललेले: 1 मे 1960 ला द्विभाषिक मुंबई राज्य संपले. दुसरा निर्णय 24 नोव्हेंबर 1961 चा, पण संदर्भात 1962 आहे, कारण ते साल खंडाचे असते. ए.आय.आर. म्हणजे नागपूरहून निघणारा ऑल इंडिया रिपोर्टर.

शीर्षकातील ‘अँड ऑर्स.’ म्हणजे ‘व इतर’, ‘अँड अनर.’ म्हणजे ‘व अन्य एक’, आणि ‘@’ ही खूण ‘उर्फ’ची. नावाऐवजी ‘एक्स’ किंवा ‘एक्सवायझेड’ असेल, तर बहुधा लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख गुप्त राखलेली असते. ती उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. कोर्टाच्या बातम्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही दोन-तीन अक्षरे पाळलीच पाहिजेत.

कलमांपुढचे ‘आर/डब्ल्यू’ म्हणजे ‘सह’. भा.दं.वि., म्हणजे भारतीय दंड विधान, 302 सह 34 म्हणजे समान उद्देशाने केलेला खून, भा.न्या.सं.मध्ये हीच जोडी 103(1) सह 3(5) अशी लिहितात. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना भा.दं.वि.च लागते. म्हणून दोन्ही लघुरूपे एकाच दिवसाच्या बोर्डावर दिसतात आणि पुढची काही वर्षे दिसत राहतील. पी.डब्ल्यू. 1 म्हणजे सरकार पक्षाचा पहिला साक्षीदार, नि. म्हणजे निशाणी. ‘नि. 1 खालील आदेश’ म्हणजे त्या निशाणीच्या अर्जावर झालेला हुकूम.

संगणकीकरणानंतर आलेला सी.एन.आर., म्हणजे केस नंबर रेकॉर्ड, सोळा अक्षर-अंकांचा असतो: राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक, शेवटी वर्ष. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांवर आता ‘बीएचसी’ अक्षरांचा स्वतंत्र संदर्भही असतो, त्यापुढचे ‘एएस’ हे मुंबईच्या अपील शाखेचे, ‘एयूजी’, ‘एनएजी’ आणि ‘गोवा’ ही त्या-त्या खंडपीठांची खूण. सी.एन.आर. हाताशी असला तर प्रकार किंवा वर्ष न सांगताही पुढची तारीख ई-कोर्ट सेवेवर मिळते. प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयात किंवा अपिलात गेले की तिथे नवा सी.एन.आर. पडतो, म्हणून दोन्ही लिहून ठेवावे लागतात.