पुणेरी रसिकांचे पक्ष

आवडत्या गवयासाठीं दुसऱ्याशीं भांडणें हाही रसिकतेचाच एक प्रकार आहे, असें आम्ही मानतों. आणि ह्या विद्येचा पुणें शहराइतका कसून अभ्यास महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्या गांवानें केला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. युरोपांतही हा प्रकार जुनाच आहे. १७२७ सालीं लंडनमध्यें फाउस्टीना व कुझोनी ह्या दोन गायिकांच्या चाहत्यांनीं भर नाट्यगृहांत शिट्या व आरोळ्या ठोकून खेळाचा विचका केला होता. आमच्या रसिकांची मजल तेथवर गेल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. त्यांचें शस्त्र एकच, जीभ.

ह्या वादाचें मूळ शोधूं गेल्यास अण्णासाहेब किर्लोस्करांपर्यंत जावें लागतें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि गाणें सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्रांच्या तोंडीं आलें. तोंवर उत्तम गाणें हें बहुतेक राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या दिवाणखान्यांत कोंडलेलें होतें. आतां तिकीट काढील त्यास तें ऐकावयास मिळूं लागलें. ज्यास ऐकावयास मिळालें, त्यास मत देण्याचा हक्कही आपोआप मिळाला. कारकून, विद्यार्थी, पेढीवरचा गुमास्ता असे सारे सुरांचे न्यायाधीश बनले. संगीताच्या इतिहासांत ह्या गोष्टीस जितकें महत्त्व द्यावयास पाहिजे, तितकें अद्यापि कोणी दिलेलें नाहीं.

भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले आणि १९०५ सालीं नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले. त्याबरोबर पहिला पक्षभेद उभा राहिला. वृद्ध मंडळी तरुणांस विचारीत, "तुम्हीं भाऊराव ऐकले आहेत काय?" ह्या प्रश्नास उत्तर नसतें. (आमच्या विद्यार्थ्यांपुढें आम्हीही असे प्रश्न टाकतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.)

खरा रंग चढला तो मात्र पुढें. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' १९०८ सालीं निघाली; खाडिलकरांचें 'मानापमान' गोविंदराव टेंब्यांच्या चालींसह १२ मार्च १९११ रोजीं रंगभूमीवर आलें; १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी स्वतंत्र झाली. गंधर्वपक्षाचें म्हणणें असें कीं, सूर इतका सहज व गोड लागणें ही ईश्वरी देणगी. तान घेतली हें कळण्याच्या आंतच ती समेवर येते. केशवरावांचे अभिमानी म्हणत कीं, गोडव्यानें पोट भरत नाहीं. गाण्यास तेज हवें, पल्ला हवा, नाट्यगृहाच्या शेवटच्या बांकावर बसलेल्या माणसाच्या अंगावर कांटा उभा राहिला पाहिजे. दोन्ही पक्ष खरें बोलत होते. भांडण गवयांविषयीं नव्हतें, गाण्यांत मुख्य काय ह्याविषयीं होतें. आणि हा प्रश्न पंडितांनीं ग्रंथांत चर्चिला नसेल इतका त्या मंडळींनीं चहाच्या पेल्यावर चर्चिला.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत संयुक्त 'मानापमान' झालें. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. प्रयोग टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं होता. परंतु रसिकांनीं त्यास कुस्तीचा आखाडा ठरविलें. कोण कोणास चीत करतो एवढेंच पाहावयाचें! प्रत्यक्षांत दोघेही रंगले आणि दोघांनाही दाद मिळाली. निकाल न लागल्यामुळें वाद वाढावयाचा, तोंच विषमज्वरानें ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघें एकतीस. तीन महिन्यांपूर्वीं ज्यास हरवावयाचें म्हणून गंधर्वपक्ष सरसावून बसला होता, तो प्रतिस्पर्धीच उरला नाहीं. ज्या वादांत एक पक्षकार मरण पावतो, त्यांत दुसऱ्यास विजय मिळतो असें नाहीं. त्याच्या हातीं केवळ ताबा येतो.

पुढें मास्तर दीनानाथ आले व भांडणास नवें टोंक फुटलें. त्यांनीं धैर्यधराच्या कांहीं पदांच्या चालीच बदलल्या. टेंब्यांनीं बांधलेली चाल नटानें मोडावी काय? आमचे आजोबा कट्टर गंधर्वभक्त. त्यांच्या मतें हा गुन्हा होता. शेजारचे एक गृहस्थ दीनानाथांसाठीं जीव टाकणारे. दोघेही पर्वतीस बरोबर जात. जातांना वाद, येतांना अबोला, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां एकमेकांच्या दारांत हांक. दीनानाथ १९४२ सालीं पुण्यासच वारले, तेव्हां आजोबांनीं त्या दिवशीं फिरावयास जाण्याचें टाळलें व शेजाऱ्यांच्या ओटीवर नुसते बसून राहिले, असें आमची आजी सांगे. आम्हांस मात्र चालींच्या प्रश्नांत शेजाऱ्यांचेंच म्हणणें पटतें. वीरश्रीच्या पदास ज्या चालीनें वीरश्री येते, ती चाल खरी. आणि आज गाणारे बहुतेक दीनानाथांचीच चाल गातात.

ह्या वादांचा निवाडा तबकड्यांवरून करावा असें कोणी म्हणेल. परंतु रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत एकेक पद किती तरी वेळ चाले. तबकडीवर त्यास तीन-साडेतीन मिनिटें. शिवाय विद्युत्‌ध्वनिमुद्रण निघालें तें केशवरावांच्या मृत्यूनंतर. म्हणून त्या पक्षपाती श्रोत्यांची साक्ष, ती एकांगी असली तरी, इतिहासकारास टाकून चालत नाहीं. ज्यास एकाच गवयाचें वेड असतें, त्यास त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे दोषही बारकाईनें माहीत असतात.

पुण्यांत १९६८ पासून बालगंधर्वांच्या नांवाचें रंगमंदिर आहे. केशवरावांचें नांव कोल्हापुरांतील, शाहू महाराजांनीं बांधलेल्या नाट्यगृहास दिलेलें आहे. तें ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ती बातमी आली तेव्हां आमच्या प्राध्यापककक्षांत दोन सहकारी बालगंधर्व मोठे कीं केशवराव, ह्यावर बोलत होते. दोघांनींही त्या दोघांपैकीं कोणासही ऐकलेलें नव्हतें.