आदोबो
फिलिपीन्समधील एक पारंपरिक मांसाहारी पाककृती. डुकराचे मांस शिर्का, मीठ, लसूण, काळी मिरी व तमालपत्रासारखी सुगंधी पाने यांत मुरवून मंद आचेवर शिजविले असता ती तयार होते. कोंबडीचा आदोबोही सर्वत्र करतात.

‘आदोबो’ हे नाव ‘मुरविणे’ या अर्थाच्या ‘आदोबार’ या स्पॅनिश क्रियापदापासून आले आहे. त्यावरून ही पाककृतीही स्पॅनिशांनीच आणली, असा समज रूढ झाला. तथापि उपलब्ध पुरावा त्यास पोषक नाही. मॅगेलनच्या सफरीचा वृत्तांतकार आंतोन्यो पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये या बेटांवर रस्स्यासह वाढलेले डुकराचे मांस आणि नारळाच्या झाडापासून केलेला शिर्का या दोहोंचा उल्लेख केला आहे. स्पॅनिशांची पहिली कायम वसाहत तेथे १५६५ मध्ये स्थापन झाली. उष्ण व दमट हवामानात मांस लवकर नासते; शिर्क्यातील ॲसिटिक अम्ल व मीठ यांमुळे सूक्ष्मजंतूंच्या वाढीस आळा बसतो. शिर्क्यात मासे मुरविण्याची ‘किनिलाव’ व त्यात मासे-मांस शिजविण्याची ‘पाक्सिव’ या देशी पद्धतीही याच गरजेतून रूढ झाल्या असाव्यात.

पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाच्या १६१३ मधील तागालोग शब्दकोशात या पाककृतीची ‘एतद्देशीयांचा आदोबो’ अशा अर्थाची नोंद आढळते. स्पेनमधील आदोबोहून ती वेगळी आहे, याची जाणीव या विशेषणातून स्पष्ट होते. पुढे विशेषण गळून परकीय नावच रूढ झाले. याउलट, गोव्यातील विंदालूचे नाव आणि मांस शिर्का-लसणीत मुरविण्याची कल्पना ही दोन्ही पोर्तुगीजांकडून आली.

चिनी व्यापाऱ्यांच्या संपर्कामुळे आदोबोत सोया सॉसचा वापर सुरू झाला. त्यावाचून केलेल्या ‘आदोबोंग पुती’ म्हणजे पांढऱ्या आदोबोस जुन्या रूपाच्या अधिक जवळचा मानतात. बिकोल भागात नारळाचे दूध, तर बातांगासमध्ये हळद घालण्याचा प्रघात आहे. शिर्काही प्रदेशपरत्वे नारळ, निपा ताड वा ऊस यांचा असतो. विसाया बेटांतील ‘हुम्बा’ ही गोडसर पाककृती आदोबोसारखी दिसत असली, तरी तिचे मूळ दक्षिण चीनमधील आहे.

२०२१ मध्ये फिलिपीन्सच्या व्यापार व उद्योग खात्याने आदोबोची प्रमाणित कृती ठरविण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा लोकांत तीव्र नापसंती उमटली. हे प्रमाण घरगुती स्वयंपाकास बंधनकारक नसून परदेशातील प्रसारापुरते आहे, असा खुलासा खात्यास करावा लागला. आदोबो हा विशिष्ट घटकांचा पदार्थ नसून शिजविण्याची एक पद्धती आहे, ही लोकधारणा या वादातून प्रकट झाली.