परसातलं प्लास्टिकचं गवत

परवा एका वर्गमित्राच्या घरी गेलो होतो. जुनं घर, मागं मोठं परस. लहानपणी तिथं केळी, अळू, एक शेवगा आणि धुण्याचा दगड होता. न्हाणीचं पाणी केळीला जायचं. आता बघतो तर जेसीबीनं वीतभर माती उचललेली, मुरूम-खडी टाकून रोलर फिरवलेला, पाणी निघून जायला एका अंगाला हलका उतार काढलेला. जाळीसाठी लोखंडी खांब उभे आणि भिंतीकडेला हिरव्यागार गवताचे रोल.

"पोरांसाठी टर्फ टाकतोय," मित्र म्हणाला. "मैदानावर पाठवायची सोय राहिलीय का सांग? आणि बायपासच्या टर्फला तासाचे पैसे किती दिवस भरू?"

त्याचं काही चुकत नव्हतं, त्यामुळं बोललो नाही. पण घरी आल्यावर खोड काही जाईना. हे गवत उगवलं कुठं, ते बघत बसलो. मंडळी, गोष्ट मजेशीर आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत एक काळजी सुरू झाली. सैन्यात भरतीला येणारी शहरातली पोरं खेड्यातल्या पोरांपेक्षा अंगानं कच्ची दिसत होती. कारण साधं, शहरात खेळायला जागाच नव्हती. फोर्ड फाउंडेशननं यात लक्ष घातलं आणि शाळांसाठी गवतासारखी कृत्रिम जमीन तयार व्हावी असा आग्रह धरला. मोन्सँटोच्या केमस्ट्रँड कंपनीनं नायलॉनचं गवत बनवलं. (हो, तीच मोन्सँटो, जिचं नाव आपल्याकडं बीटी कापसामुळं घराघरात पोचलं.) १९६४ साली ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राऊन नावाच्या शाळेत ते अंथरलं. म्हणजे या वस्तूमागचा मूळ विचार असा, की ज्या पोरांना मैदान नाही त्यांना मैदान मिळावं.

नाव मात्र तिला मिळालं ते भलत्याच कारणानं. १९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं, छप्पर असलेलं भलंमोठं बेसबॉल स्टेडियम. छताला पारदर्शक तावदानं, आत खरं गवत. पण उंच उडालेला चेंडू झेलताना खेळाडूंच्या डोळ्यांवर तिरीप यायला लागली. मग तावदानं रंगवली. तिरीप गेली आणि उजेडाबरोबर गवतही गेलं. उरलेला मोसम मेलेल्या गवतावर आणि हिरव्या रंगानं रंगवलेल्या मातीवर काढला! शेवटी १९६६ ला तिथं नायलॉनचं गवत आलं आणि स्टेडियमवरून त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' म्हणायला लागले.

आपल्याला हे नाव कळलं ते दहा वर्षांनी, आणि कळलं ते मार खाऊन. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली. भारत सातवा. १९२८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं पदक आणणारा देश पहिल्यांदा रिकाम्या हातानं परतला. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण तिथं बहिष्कारामुळं बरेच तगडे संघ आलेच नव्हते. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत, घरच्या टर्फवर, पाकिस्ताननं अंतिम सामन्यात ७-१ असं धुतलं.

सगळं खापर टर्फवर फोडणं सोपं आहे. खरं म्हणजे १९६८ आणि १९७२ ला गवतावरच आपण कांस्यापर्यंत उतरलो होतो. पण टर्फनं एक केलं. गवताळ मैदान कुठल्याही शाळेला, पोलीस लाइनला, छावणीला परवडायचं. टर्फला कोट्यवधी लागतात, वर सामन्याआधी त्यावर पाणी मारायचं. आपला धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिकनं खेळायला शिकला आणि चार ऑलिम्पिक खेळला. त्या वसाहतीसारख्या जागी शिकणाऱ्या पोराला पुढं जायचं तर आता आधी टर्फ गाठावा लागतो.

तेच आता आपल्या गावात क्रिकेटचं होतंय. बायपासला शेतं बिनशेती करून जाळीतले टर्फ उभे राहिले. संध्याकाळी गर्दी असते, चांगलं आहे. नोकरदार माणसं चार चेंडू खेळतात, याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त स्टँडमागच्या मैदानावर एकदा जाऊन या. अर्ध्यावर गाड्या, उरलेल्यावर मांडवाचे खड्डे. पैसेवाल्यांची पोरं तिथून गेली तशी मैदानाबद्दल ओरडणारी माणसंही गेली. पंधरा वर्षांपूर्वी तिथं कुणी खांब रोवला तर माझ्याकडं संध्याकाळपर्यंत पाच फोन यायचे. गेल्या वर्षभरात एकही नाही.

खऱ्या गवताचंही मी गोडवे गाणार नाही. त्याला पाणी लागतं. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते, आठवत असेल. पण आपण लहानपणी जिथं खेळलो तिथं गवत होतं कुठं? माती होती. तिला ना पाणी लागायचं, ना तासाचं भाडं.

रविवारी परत गेलो. रोल उलगडले होते, सांध्यांना टेप आणि गोंद लावून झाला होता. मित्रानं विचारलं, वर रबराचे दाणे टाकू का? म्हटलं नको, नुसती वाळू टाक. ते दाणे बहुतेक जुन्या टायरांचे असतात, पावसात वाहून गटारात जातात. युरोपात तर २०३१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी येतेय. आणि दुपारी पोरांना सोडू नकोस, हात लावून बघ. त्यानं हात टेकवला आणि झटकन उचलला. एप्रिलचं ऊन.

मागच्या कंपाउंडवर गल्लीतली तीन पोरं येऊन बसली होती, बॅट घेऊनच. मित्राच्या मुलानं विचारलं, "बाबा, ही पण येऊ देत का?"

मित्र माझ्याकडं बघत म्हणाला, "बघू. आधी जाळी तर लागू दे."