घरी वळलेल्या विड्यांची नोंद

इ. स. १९४८ ह्या एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतराने, दोन कायदे संमत झाले. मार्चमधील किमान वेतन अधिनियमाने, दुसऱ्याच्या व्यापारासाठी दिलेला माल आपल्या घरी नेऊन तयार करून देणाऱ्याचा 'कर्मचारी' ह्या संज्ञेत स्पष्ट शब्दांत समावेश केला. विडीचा धंदाही त्याच्या अनुसूचीत घातला. सप्टेंबरमधील कारखाने अधिनियमाची दृष्टी मात्र आवारावर खिळलेली होती. त्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक कारखान्यात प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. विडीच्या धंद्यात पुढील चाळीस वर्षे जे वाद झाले, त्यांपैकी बऱ्याच वादांच्या मुळाशी, कोणाचे नाव कोणत्या वहीत असावयास हवे, हाच प्रश्न होता असे दिसते.

ह्या धंद्यात वही पूर्वीपासून होतीच. तंबाखू तोलून दिली जाते, पाने दिली जातात, विड्या हजाराच्या हिशेबाने परत येतात. इतक्या वस्तूंची ने-आण हिशेबावाचून चालणे शक्य नाही. पण ती वही मालाची होती, माणसाची नव्हती. तीत नाव असलेच तर ते बहुधा मध्यस्थाचे. सागर, नागपूर ह्या भागांत ह्या मध्यस्थास 'सट्टेदार' म्हणत. आजच्या मराठीत सट्टा म्हटला की तेजीमंदीचा जुगार आठवतो. ह्या शब्दातील 'सट्टा' मात्र जुन्या अर्थाचा, म्हणजे सौदा किंवा ठराव. नावातच करार असल्यामुळे त्याला नोकर म्हणणे अवघड झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. न्यायालयाने अर्थात व्युत्पत्तीवर निकाल दिला नाही.

सागर येथील एका विडी कारखान्यात निरीक्षकाला तयार विड्या घेऊन आलेले काही सट्टेदार आढळले. त्यांची नावे कामगारांच्या नोंदवहीत नव्हती, म्हणून कारखान्याच्या चालकांवर खटला भरण्यात आला. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत आणि त्यांनी लावलेली माणसेही कारखान्याचे कामगार नव्हेत. सट्टेदार कारखान्यातून तंबाखू नेत. काहीजण स्वतःच्या जागेत मजूर लावून विड्या वळून घेत, तर काही तोच माल घरोघर वाटत. नापसंत ठरलेल्या विड्या त्यांनाच परत घ्याव्या लागत. प्रत्यक्ष विडी वळणारी बाई ह्या संपूर्ण निर्णयात दोन पायऱ्या खाली, निनावी राहिली.

कारखान्यात येऊन विड्या वळणाऱ्यांचीही स्थिती फारशी निश्चित नव्हती. नागपूरच्या प्रकरणात (१९६०) त्यांची हजेरी लागत असे, तयार मालाची पारख होत असे. न्यायालयाने त्यांना कामगार मानले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात, वळणारा आपल्या इच्छेप्रमाणे येई-जाई म्हणून बहुमताने त्यास कामगार मानण्यात आले नाही. सागरच्या निर्णयाचे लेखक न्यायमूर्ती सुब्बा राव ह्या वेळी अल्पमतात होते, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. सेलमच्या १९६४ मधील प्रकरणात तर मध्यस्थांशी केलेले रीतसर करारच पुढे आले. न्यायालयाने ते निव्वळ आवरण ठरवून कामगारांचे नाते थेट मूळ मालकाशी जोडले. म्हणजे कागद असणे आणि कागद खरा असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही ह्याच दशकात कायद्यास मान्य करावे लागले.

ह्या पार्श्वभूमीवर विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम १९६६ साली आला. एका राज्याने बंधन घातले की धंदा शेजारच्या राज्यात सरकतो, म्हणून हा कायदा केंद्राने केला. मालकाने किंवा कंत्राटदाराने दिलेला कच्चा माल घरी नेऊन विडी वळणारा तो कर्मचारीच, अशी त्याची व्याख्या होती. त्यासाठी कायद्याने इंग्रजीत जी संज्ञा वापरली, तिला मराठी प्रतिशब्द देताना प्रस्तुत लेखकास अडचण पडली हे नमूद करतो. 'घरकाम' म्हणजे धुणीभांडी, आणि 'घरेलू कामगार' ही संज्ञा २००८ च्या महाराष्ट्र अधिनियमाने दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्यांसाठी योजिली. स्वतःच्या घरी दुसऱ्यासाठी राबणारी बाई अशी भाषेतही बेपत्ताच आहे.

ह्या व्याख्येतील सर्व भार 'दिलेला' ह्या एका धातुसाधितावर होता. स्वतःच्या घरात, कुटुंबीयांच्या साहाय्याने, कोणाचाही नोकर नसता विड्या करणाऱ्यास ४३ व्या कलमाने कायद्यातून वगळले होते. एकाच ओटीवर, एकाच सुपातून, त्याच हातांनी होणारे काम ह्या बाजूस की त्या बाजूस, हे सांगणार कोण? मालाची नोंद. म्हणूनच माल वाटपावर निरीक्षकांची देखरेख, घरच्या कामाची मजुरी देण्याचे ठिकाण, ठेवावयाच्या नोंदवह्या, ह्यांविषयी नियम करण्याचे अधिकार राज्यांना देण्यात आले. आणि म्हणूनच पळवाटही त्याच क्रियापदात शोधली गेली. पाने व तंबाखू 'दिली' असे न लिहिता 'विकली' असे लिहावयाचे, विड्या 'परत घेतल्या' असे न लिहिता 'खरेदी केल्या' असे लिहावयाचे. वळणारी बाई त्या क्षणी कामगार न राहता व्यापारी होते! ही खरेदी-विक्रीची पद्धत ह्या धंद्यात चांगलीच फोफावली.

नोंदीतील दुसरा शब्द 'छाट'. मराठीत छाटणे म्हणजे कापणे; हिंदी 'छाँटना' ह्या क्रियापदात निवडून वेगळे काढण्याचाही अर्थ आहे. विडीच्या व्यवहारात दोन्ही एकत्र येतात : विडी निवडून वेगळी काढावयाची आणि मजुरी कापावयाची. महाराष्ट्राच्या व म्हैसूरच्या नियमांनी सामान्यतः शेकडा ५ हून अधिक छाट काढण्यास मनाई केली, आणि कामगाराचा हेतुपुरस्सर निष्काळजीपणा नसेल तर छाटीतील विड्यांचीही निम्म्या दराने मजुरी द्यावी असे ठरविले. हा देशी शब्द इंग्रजी नियमांत तसाच राहिला. मालकांनी ह्या तरतुदींना आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या.

तथापि ही नोंद वेळेविषयी मुकीच राहिली. तुलनेसाठी अमेरिकेतील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे १९३८ च्या श्रममानविषयक कायद्याखाली घरी काम करणाऱ्या प्रत्येकासाठी मालकाने स्वतंत्र पुस्तिका ठेवावयाची असते. तीत माल दिल्या-घेतल्याच्या नोंदींबरोबर रोज किती तास काम केले हेही लिहावे लागते, आणि पुस्तिका पूर्ण झाल्यावर मालकाने ती किमान दोन वर्षे जपावयाची. आपल्याकडे मजुरी हजारावर, म्हणून नोंदही हजारावर. आई पान कातरते, मुलगी वळते, आजी तोंड मिटते. वहीत मात्र नाव एकच. १९६६ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामास एक दिवस पगारी रजा दिली खरी, परंतु दिवस मोजावयाचे कशावरून? आणलेल्या विड्यांवरून.

१९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी ओळखपत्र आणले. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल ह्यांची वाट त्यातून जाऊ लागली. ते देण्याचा भार मालकावर होता. मग १९८५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. घरी वळणाऱ्यांवर मालकाचे नियंत्रण कोठे आहे, ह्या प्रश्नास न्यायालयाचे उत्तर होते : विडी नाकारण्याच्या अधिकारात. ज्या छाटीने दोन पिढ्यांची मजुरी कापली, तीच त्यांच्या नोकरीचा पुरावा ठरली.

१९६६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या संहिता अमलात आल्याने रद्द झाला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत (२०२०) घरी काम करणाऱ्याची व्याख्या करताना, माल व साधने मालक पुरवितो की नाही हे पाहावयाचे नाही असे म्हटले आहे. 'दिलेला' हा शब्द अशा रीतीने तेथून निघून गेला. मात्र ह्या संहितेत असंघटित कामगाराची नोंदणी त्याच्या स्वतःच्या घोषणेवर होते. कोणी किती पाने दिली आणि किती विड्या छाटल्या, ह्याला त्या घोषणेत स्थान नाही.